परसातील भेंडी : ऋषिपंचमीपूर्वीचा एक पाठ



भाद्रपद शुद्ध पंचमीस, म्हणजे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या घरोघरच्या मायभगिनी ऋषिपंचमीचे व्रत करतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य असते. जे हाताने खणून, हाताने पेरून, हाताने काढले तेवढेच ताटात यावे, असा त्या व्रताचा नेम आहे. माठ, अळू, पडवळ, भोपळा, भेंडी इत्यादी भाज्या एकत्र करून जी ‘ऋषीची भाजी’ करतात, तिचे मर्म या नेमात आहे. परंतु अलीकडे आपण तीच भाजी आठवडी बाजारातून विकत आणतो. ती कोणाच्या शेतात, कशाने नांगरलेल्या जमिनीत, कोणते औषध पिऊन वाढली, हे आपणांस ठाऊक नसते. व्रत पाळले जाते, पण व्रताचा हेतू बाजारातच राहून जातो.

यास्तव या पाठात परसातील भेंडीचा विचार करू. माझे शिक्षण हायस्कुलापर्यंतचे आहे आणि घरी देवळाच्या पूजेचे काम आहे. शेतकी शास्त्राचा मी पंडित नव्हे. तथापि कांही वर्षे हाताने वाफा खणून जे शिकलो, चुकून जे शिकलो, आणि जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

भेंडीचे कुळ

भेंडी, कापूस, अंबाडी आणि जास्वंद ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत. विश्वास बसत नसेल तर सकाळी चारही फुले शेजारी ठेवून पाहावीत. भेंडीचे फूल फिकट पिवळे, पोटाशी गर्द तांबडे. कापसाच्या फुलाची घडण तशीच. आणि देवीला आपण वाहतो त्या जास्वंदीच्या मधल्या दांड्यावर परागकण जसे चिकटलेले असतात, तसेच ते या साऱ्यांत असतात. ही ओळख केवळ मनोरंजनाची नाही. भावंडांचे गुण एक तसे रोगही एक. आपल्या नेरडीगोंड्याच्या चहूंकडे काळ्या जमिनीत कापूस उभा असतो. त्यामुळे आपल्या परसातील भेंडीला जे शत्रू येतात ते पुष्कळदा कापसाच्या रानातून येतात, आणि आपण निष्काळजी राहिलो तर आपल्या भेंडीवरून ते पुन्हा कापसात जातात. ही गोष्ट मनात ठेवून पुढील पाठ वाचावा.

आपल्या घरात आपण ‘भेंडी’ म्हणतो आणि रस्त्यापलीकडे दुकानात ‘बेंडकाय’ म्हणून मागतो. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मराठी मुलखात गेले, आपण इकडे राहिलो, आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. सीमा हलली, पण भेंडी दोन्ही बाजूंस तीच राहिली. दूरच्या मुलखांतही ती पोचली आहे. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती अमेरिकेत गेली, आणि तेथील लुइझियाना प्रांतात ‘गंबो’ नावाच्या कालवणात आजही पडते. ‘गंबो’ हे नावच मुळी आफ्रिकेतल्या भाषांमधून आलेले, भेंडीचे नाव आहे. आज मात्र जगात सर्वांत अधिक भेंडी पिकते ती आपल्या भारतात.

पेरणीचा काळ

भेंडी उष्णतेची सोबतीण आहे. थंडीत तिचे बी रुजत नाही. हवेचा पारा १६-१७ अंशांखाली असला की बी मातीतच कुजते. आदिलाबाद जिल्ह्याची थंडी साऱ्या तेलंगणात कडक म्हणून प्रसिद्ध आहे, सबब मार्गशीर्ष-पौषात पेरणीच्या भरीस पडू नये. उलट वैशाखातल्या उन्हात, पारा ४२ अंशांवर गेला की, फुले गळून पडतात. म्हणून आपल्याकडे दोन हंगाम साधतात : थंडी ओसरल्यावर माघ-फाल्गुनात एक, आणि मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर दुसरा.

ऋषिपंचमीस भेंडी हवी असेल तर हिशेब उलटा मांडावा. पेरल्यापासून पहिली तोड यावयास सुमारे ४५ ते ५० दिवस लागतात. आषाढी एकादशीपासून ऋषिपंचमीपर्यंत साधारण ५३-५४ दिवस होतात. म्हणजे एकादशीस पेरले तर भाजी जेमतेम हाती लागेल. पाऊस लांबला, बी दोनदा पेरावे लागले, तर हिशेब चुकेल. म्हणून ज्येष्ठाच्या अखेरीस किंवा आषाढाच्या पहिल्या आठवड्यात पेरणी उरकावी हे उत्तम. मध्ये अधिक मास येत असेल तर तेवढा एक महिना हिशेबात धरावा. पंचांग भिंतीवर असतेच. त्याचा उपयोग शेतीसाठीही व्हावा.

जमीन व वाफा

सकाळपासून दुपारपर्यंत तरी ऊन मिळेल अशी जागा निवडावी. पाच-सहा माणसांच्या कुटुंबास ३ मीटर लांब व २ मीटर रुंद एवढा वाफा पुरेसा आहे. त्यात ६० सेंटिमीटर अंतरावर तीन ओळी बसतात, आणि ओळीत ३० सेंटिमीटरवर एक याप्रमाणे दहा झाडे. एकूण तीस झाडे. तीस झाडे नीट सांभाळली तर बहराच्या दिवसांत एक दिवसाआड पाव किलोच्या आसपास भेंडी निघते. अधिक झाडांचा हव्यास धरू नये. दाटी झाली की वारा खेळत नाही आणि रोग मुक्कामास येतो.

आपली काळी माती सकस खरी, पण पावसात पाणी धरून ठेवते. भेंडीच्या मुळांना तुंबलेले पाणी सोसत नाही. कुंटाल्याचा धबधबा ज्या आठवड्यात भरून कोसळत असतो, त्या आठवड्यात परसातील सपाट वाफ्याची काय दशा होते, हे सांगणे न लगे. म्हणून सपाट वाफ्यात न पेरता वीतभर उंचीचे वरंबे करावेत, वरंब्याच्या बगलेस बी टोकावे, आणि सरीतले पाणी बाहेर जाण्यास वाट ठेवावी. खणताना चांगले कुजलेले शेणखत १२ ते १५ किलो, म्हणजे स्थूलमानाने एक मोठे घमेले भरून, मातीत मिसळावे. कच्चे शेण घालू नये. त्याने वाळवी येते.

बी आणि त्याची निवड

घरचे बी असल्यास रात्रभर पाण्यात भिजत घालावे. वर तरंगणारे टाकून द्यावे. दुकानातील पाकिटात बियांवर गुलाबी किंवा निळा लेप असतो. तो बुरशीनाशकाचा असतो. असे बी भिजवू नये, मुलांच्या हाती देऊ नये, आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. एकेका ठिकाणी दोन बिया, दोन ते अडीच सेंटिमीटर खोल टोकाव्यात. चार ते सहा दिवसांत कोंब वर येतात. रोपे वीतभर होण्यापूर्वीच जोडीतले अशक्त रोप कात्रीने कापून टाकावे. उपटू नये, कारण शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात.

जातीविषयी दोन शब्द लिहितो, कारण त्यात आपल्याच मुलखाचा एक अभिमानाचा प्रसंग आहे. भेंडीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे केवडा रोग. यास कोणी हळद्याही म्हणतात. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान केवड्यासारखे होते, आणि शेंगा पांढुरक्या, वाकड्या, निबर निघतात. १९२४ साली मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद झाली. पुढे १९६० च्या सुमारास दिल्लीच्या संशोधकांनी ‘पुसा सावनी’ ही जात दिली. ती आरंभी रोगास दाद देत नसे, पण कालांतराने तीही बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे व नेरकर या संशोधकांनी पुसा सावनीचा संकर एका रानटी जातीशी केला, त्या संततीतून पिढ्यान् पिढ्या निवड केली, आणि १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ ही जात शेतकऱ्यांच्या हाती दिली. रानात कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या झाडाजवळ जी सोसण्याची शक्ती होती, ती घरच्या भेंडीस मिळाली. पुढे बेंगळूरच्या संस्थेतून ‘अर्का अनामिका’ ही अशीच जात आली. या जाती सरळ वाणाच्या असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. संकरित पाकिटाचे बी धरले तर पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. मात्र रोगास दाद न देणारी जात म्हणजे रोग कधीच न होणारी जात नव्हे. रोगही बदलत असतो. म्हणून पाळत ठेवणे सुटत नाही.

माझी चूक

येथे मी माझी हकिगत सांगतो, कारण पाठात लिहिलेल्या सूचनेपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.

पहिल्या वर्षी मी परसाच्या कुंपणालगत तीस झाडे लावली. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंचा वाफा होता. त्यांनीही ऋषिपंचमीसाठी म्हणून पंधरा-वीस झाडे लावली होती. पंचवीस दिवसांचे पीक झाले तेव्हा माझ्या चार झाडांच्या शिरा पिवळ्या दिसल्या. आई म्हणाली, “ही चार उपटून टाक बाबा. एक आंबा नासला की आढी नासते.” मला वाटले, झाडे भुकेली आहेत. एवढ्या कौतुकाने वाढवलेले झाड उपटावयास हात होईना. मी एका स्नेह्याकडून मूठभर युरिया आणून ओळीला घातला. झाडे तरारली, पाने गर्द व लुसलुशीत झाली, आणि मी आईस ती मोठ्या फुशारकीने दाखवली.

दहा दिवसांत तीसांपैकी वीस झाडे पिवळी झाली. त्यानंतर आठवड्याने काकूंच्या वाफ्यात पिवळी पाने दिसली.

कारण काय, ते नंतर समजले. हा रोग बियातून येत नाही, हात लागल्याने पसरत नाही. पांढरी माशी म्हणून एक अगदी बारीक कीटक पानांच्या पाठीशी बसतो. पान हलवले की भुकटी उडावी तसा उडतो. तो आजारी झाडाचा रस पितो आणि निरोगी झाडावर जाऊन बसतो, त्याबरोबर रोगाचे विष तेथे सोडतो. आजारी झाडाला औषध नाही. ते झाड जोवर उभे आहे तोवर माशीला रोगाचा अखंड पुरवठा करीत राहते. युरियाने पाने कोवळी झाली, आणि कोवळ्या पानांवर मावा, तुडतुडे, पांढरी माशी अधिकच जमली. शिवाय झाड जितके लहान असताना रोग लागेल तितका तोटा मोठा; पहिल्या महिन्यात लागला तर त्या झाडापासून जवळजवळ कांहीच मिळत नाही. म्हणजे ज्या चार झाडांवर मी दया केली, ती मला एक शेंगही देणार नव्हती.

त्याच सुमारास एका हितचिंतकाने कापसावर मारण्याचे औषध व पंप देऊ केला. मी घेणार होतो. वडील पूजा आटोपून आले, त्यांनी बाटलीवरचा लाल त्रिकोण पाहिला आणि एवढेच म्हणाले, “जे नैवेद्याला चालणार नाही, ते पोराबाळांच्या ताटात कसे चालेल?” बाटली परत गेली.

मग मी सारी झाडे उपटली, आणि काकूंकडे गेलो. झाली गोष्ट सांगितली. माझ्या हट्टापायी त्यांचा वाफा गेला हे कबूल केले. त्या रागावल्या नाहीत, पण त्या वर्षी त्यांच्या ऋषीच्या भाजीत भेंडी बाजारची होती, हे मी विसरलेलो नाही. पुढच्या वर्षी दोन्ही वाफे मी खणले.

औषधाविषयी

वडिलांच्या त्या वाक्यामागे शास्त्रही आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणीनंतर किती दिवस पीक तोडू नये ती मुदत लिहिलेली असते. कापसाला ती अडत नाही, कारण कापूस आपण खात नाही. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडावी लागते. न तोडली तर जून होते. मग ती मुदत पाळावयाची कशी? जो पाळतो त्याची भाजी वाया जाते, जो पाळत नाही तो विष विकतो किंवा खातो. मोनोक्रोटोफॉस हे औषध भाज्यांवर वापरण्यास भारतात २००५ सालीच बंदी झाली. तरी त्याचा डबा घरात राहिला तर काय होते, हे २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात दिसले. अशा औषधाच्या डब्यात साठविलेल्या तेलात शाळेचे जेवण शिजले आणि २३ बालके गेली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून शेतातील औषध परसात आणू नये, आणि रिकामा डबा कोणत्याही कामास घरात घेऊ नये.

परसापुरते पुढील उपाय पुरे आहेत :

१. दर दोन दिवसांनी सकाळी पानांच्या पाठी पाहाव्यात. पिवळ्या शिरांचे झाड दिसताच, त्याच दिवशी, मुळासकट उपटून पिशवीत घालून दूर पुरावे.

२. पिवळ्या पत्र्यास किंवा पुठ्ठ्यास एरंडेल लावून तो झाडांच्या उंचीवर टांगावा. पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते व चिकटते.

३. निंबोळीची गर वाळवून कुटावी. ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, किंचित साबणाचे पाणी घालून सायंकाळी फवारावी. दर आठ-दहा दिवसांनी हे करता येते.

४. शेंडा अकस्मात माना टाकतो किंवा शेंगेस भोक दिसते, तेव्हा आत ठिपक्यांची अळी असते. तो शेंडा, ती शेंग तोडून अळीसह नष्ट करावी. हीच अळी कापसाच्या बोंडातही शिरते.

५. वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा. मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी त्याने आटोक्यात राहतात, आणि दसऱ्यास देवाला हारही होतो.

निगा आणि तोड

पहिला महिना खुरपणीचा आहे. दोन खुरपण्या पुरतात. दुसऱ्या खुरपणीच्या वेळी खोडाशी मातीची भर द्यावी, म्हणजे वाऱ्यात झाड कलत नाही. पावसाळ्यात आठवडाभर उघाड पडली तरच पाणी द्यावे. उन्हाळी पिकास चार-पाच दिवसांनी द्यावे. भांडी विसळण्याचे, साबण नसलेले पाणी चालते. आश्विन-कार्तिकात पानांवर पिठासारखी भुरी दिसू लागली, तर खालची जून पाने काढून वारा मोकळा करावा.

फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत शेंग तोडावयास येते. परीक्षा सोपी आहे : शेंगेचे टोक बोटाने मोडावे. कट् आवाज करून मोडले तर कोवळी. लवले पण मोडले नाही, तर जून. सकाळी तोडावी, देठ चाकूने किंवा कात्रीने कापावा, ओढू नये. झाडावरील लवेने हातांस खाज सुटते, म्हणून हातास फडके गुंडाळावे.

‘आज पाहुणे नाहीत, उद्या तोडू’ असे म्हणू नये. शेंग जून होऊन बी धरू लागली की झाडास वाटते, आपले कार्य संपले. मग ते नवी फुले देण्याचे थांबवते. जे झाड वेळेवर देते त्यालाच पुढे देता येते. जास्त निघाली तर शेजारी वाटावी. परसातील भाजीची ती खरी गोडी आहे.

स्वयंपाकघरातील भगिनींस भेंडी शिकवण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच सांगतो : भेंडी धुऊन पूर्ण कोरडी करून मग चिरली आणि कांही आंबट घातले, तर तार कमी सुटते, असे आमच्या घरी करतात. त्या चिकटपणाचाही उपयोग आहे. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाच्या रसातील मळी वर काढण्यासाठी भेंडीचे चिकट पाणीच घालतात.

बी धरणे आणि वाफा रिकामा करणे

वाफ्याच्या मधली दोन निरोगी झाडे बियांसाठी राखावीत. फुलांवर मधमाशा येतात व शेजारच्या दुसऱ्या जातीचे पराग आणतात, म्हणून कडेची झाडे धरू नयेत. एकेका झाडावर तीन-चार शेंगा सोडाव्यात. महिनाभराने त्या वाळून तडकू लागल्या की बी काढून, सावलीत सुकवून, राखेत मिसळून डब्यात बंद करावे. डब्यावर जातीचे नाव व महिना लिहावा.

शेवटचा धडा बहुतेक जण विसरतात. तोड संपली की झाडे तशीच उभी ठेवू नयेत. हंगाम संपल्यावर शेतकरी पऱ्हाटी उपटतो, त्यामुळे बोंडअळीला पुढच्या पावसापर्यंत आसरा राहत नाही. अशा वेळी परसात दोन हिरव्या भेंड्या उभ्या असल्या, तर पांढरी माशी व अळी तेथे उन्हाळा काढतात आणि मृगात पुन्हा शेतात उतरतात. आपल्या दोन झाडांनी कोणाच्या कापसाचे नुकसान होऊ नये. झाडे उपटून खड्ड्यात पुरावीत; पुढच्या वर्षी त्या जागी भेंडी, वांगे किंवा टोमॅटो न लावता मेथी, घेवडा अथवा पालक लावावा.

समारोप

भेंडीने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जे आजारी आहे ते वेळेवर ओळखून काढून टाकणे ही निर्दयता नव्हे. बाकीच्यांवरची ती दया आहे. दुसरी, परसाला कुंपण असते, परंतु रोगाला व चुकीला ते नसते. म्हणून आपल्या वाफ्याची काळजी ही शेजाऱ्याचीही काळजी होय.

या वर्षी ज्येष्ठ संपण्यापूर्वी प्रत्येक घरी एक वाफा खणला जावा अशी विनंती आहे. जागा नसेल तर भोके पाडलेल्या दोन जुन्या बादल्या पुरतात. एकेकीत एक झाड होते. आमच्या घरी राखून ठेवलेले परभणी क्रांतीचे बी डब्यात आहे. आरतीनंतर देवळात भेटून ज्यास हवे त्याने मूठभर न्यावे, आणि पुढच्या वर्षी मूठभर दुसऱ्यास द्यावे. ऋषिपंचमीच्या दिवशी आपल्या घरच्या ताटात आपल्या हातची भेंडी पडो, एवढीच देवाजवळ प्रार्थना.